सहा महिने घरात काय केलं

भिंगार, सोमवार

ज्ञानेश्वरीच्या आजोबांस, पाया पडते.

सगळ्यांच्या आधी तुमची बहीणच टपकली. चहा प्याली आन आपल्या ज्ञानेश्वरीला म्हनली, "सहा महिने नोकरी न्हाई, घरात करती तरी काय गं?" पोरीनं मान खाली घातली. माझं डोस्कं लई फिरलं. म्हनलं, "वन्सं, वाट धरा आता."

मग शेजारचे विष्णुपंत आन सुचित्राबाई आले. पोरीच्या नोकरीच्या मुलाखतीचा सराव म्हनून त्यांनी मला साहेब केलं. रागातच मी वन्संचा सवाल टाकला. ज्ञानेश्वरी ताठ बसून म्हनली, "आजीला लिहायला शिकवलं."

हे पत्र माझ्या हातचं हाय. वन्सं तिकडं आल्या की वाचून दाखवा.

रातच्याला पोर दोन भाकरी जेवली. तुमचा गुडघा कसा हाय?

मुलाखत शुक्रवारी. शेजारचे दोघं गुरवारी परत सरावाला येनार हायेत.

तुमची मनकर्णा