बुडाखाली नुसतं इंग्लंड

नाशिक, २१ मे २०२४

राकेशदादा,

नमस्कार. हे पत्र आठवडाभर पुढे ढकलतेय. रोज कागद काढायचा आणि काहीतरी निघायचं. काल स्कूटी पंक्चर. परवा खालच्या मनीषाबरोबर गच्चीवर कुरडया घालायला गेले ती तिथेच रमले. तू म्हणशील, फोन कर. पण फोनवर तू बोलायला लागलास की मला तुझंच पटतं. म्हणून पत्र.

सटाण्याला ऊन कसंय? जुनं सामान मिळतंय का? मी पेठकडे उगाच एकटी फिरून आले. एक कप मिळाला, कान तुटलेला, पण काय निळा रंग! पेनं ठेवलीत त्यात.

बघ, कुठल्या कुठे गेले.

घोटीच्या सुलाबाई आठवतात? तूच सांगितलेलंस, त्या बाजूला एप्रिलमध्ये फिरायचं. लोणची संपतात, बायका बरण्या धुऊन अंगणात उपड्या घालतात, बुडाचा शिक्का आपोआप वर. सुलाबाईंच्या अंगणात ते निळ्या फुलांचं चिनी मातीचं भांडं तसंच उपडं होतं. साहेबलोकांचं सूपचं भांडं, आणि या त्यात लिंबाचं लोणचं घालायच्या! तू गाडीतच बसून राहिलास. "तू जा, तुझ्याशी बायका बोलतात."

बोलल्या ना. "सासू म्हनायची, मामंजी इगतपुरीला रेल्वेच्या साहेबाकडं सैपाकी व्हते, साहेबानं जाताना दिलं. दीर म्हनतो, नाय, मीच नाशकातून आनलं. पोरी, तू शिकलेली, खरं सांग. मामंजींचं असंल तर मी नाय देनार."

मी शिकलेली! कॉलेज अर्धं सोडलेली मी.

शिक्क्यात नुसतं 'इंग्लंड' होतं. तुझा नियम मला पाठ. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण असेल तर जुनं, नुसतं 'इंग्लंड' असेल तर नवं. नंतर त्यांना एवढं लिहायचा कंटाळा आला म्हणून छोटं केलं, असं तू सांगायचास. मी छातीठोक सांगितलं, "मावशी, दिरांचंच आहे."

त्या हसल्या. "घ्या! इतकी वर्सं उगाच जपलं." आणि आपल्या गाडीतल्या स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात देऊन टाकलं.

बारा तारखेच्या रविवारी गंगापूर रोडला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मी शिरले ती एसीसाठी, खोटं कशाला बोलू. समोर तेच भांडं. काठाला तोच टवका. चिठ्ठीवर 'शंभर वर्षांहून जुने'. मी तिथल्या बाईंशी भांडले, दादा! "अहो, नुसतं इंग्लंड आहे, नवंय हे." बाजूचे दोघं फिदीफिदी हसले. बाई समजुतीनं म्हणाल्या, "उलटं सांगताय तुम्ही. आधी नुसतं देशाचं नाव यायचं, 'मेड इन' नंतर आलं. राकेशसरांनीच शिकवलं आम्हाला. हे भांडंही त्यांचंच."

त्यांना सुलटं शिकवलंस. मला उलटं.

मला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं, हे तू बरोबर ओळखलंस. म्हणून मलाच खोटं शिकवलंस. मी मनापासून बोलायचे आणि बायकांना ते पटायचं. घर सोडून आले तेव्हा तूच म्हणालेलास, संजना, तुला नजर आहे. ते तरी खरं होतं का रे?

मला ते भांडं परत हवंय. विकू नकोस. घेऊन ये, आपण दोघं घोटीला जाऊ आणि तू तुझ्या तोंडानं सांग

थांब, खालून कुणीतरी हाक मारतंय.

दादा, सुलाबाई आल्यात. घोटीहून बसनं, पत्ता विचारत विचारत. कॉटवर बसून पाणी पितायत. बहिणीची एक ताटली टॉवेलात गुंडाळून आणलीय, जुनी की नवी विचारायला. बहीण म्हणत होती, एखाद्या दुकानात दाखवू. या तिला म्हणाल्या, "दुकानात कशाला? आपली पोरगी हाय ना नाशकात. ती खोटं नाय सांगायची."

ताटली माझ्या मांडीवर आहे. तिचं नंतर. आधी त्यांना मामंजींच्या भांड्याचं सांगते, तुझं नाव घेऊन. म्हणून इथेच थांबते.

तुला दादा म्हणायची ती,
संजना