गुरमीतची थाप
रविवार, १२ जानेवारी १९९७

गुरमीतकडे जाऊन आलो. आग्र्याला पॅराशूटच्या ट्रेनिंगमध्ये विमानातल्या रांगेत माझ्या मागे नेहमी तोच. पुढच्याचं पॅराशूट मागच्याने तपासायचं, पट्टा ओढून बघायचा आणि पाठीवर थाप मारून "ओके" म्हणायचं, अशी पद्धत होती. त्याची थाप पडल्याशिवाय मी दाराकडे कधी सरकलो नाही.

आता तो मुलाकडे असतो, गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. बाल्कनीला जाळी बसवली आहे. पॅराट्रूपरला जाळी! चहा होईपर्यंत मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आप कौन, भाईसाब?" सून बिचारी ओशाळली. मी आग्र्याच्या गोष्टी सांगत राहिलो, तो नुसता हसत होता. चिडलो का मी? हो, चिडलो. कोणावर, कोण जाणे.

निघताना तो सुनेचा हात धरून लिफ्टपर्यंत आला. मी दाराकडे तोंड करून उभा होतो. मागून त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा ओढून बघितला आणि पाठीवर थाप मारली.

"ओके."

लिफ्टचं दार उघडलं. थाप पडूनही माझा पाय उचलला नाही, असं आज पहिल्यांदाच झालं.