पाचवारीचा कासोटा

गोंडपिपरी, शनिवार, जानेवारी १९५६

आज शांताच्या शाळेचं संमेलन. आयांनी पाचवारी पातळच नेसावं, असा मोठ्या बाईंचा नियम. मी जन्मभर नऊवारीतली. पण लेकीला पहिलं बक्षीस, तिची मान खाली जायला नको, म्हणून शेजारच्या रहमतबीचं पातळ मागून गोल नेसले.

शाळेच्या पायरीवर पाय अडकून पडता पडता वाचले. मग दाराआड जाऊन त्याच पातळाचा कासोटा घातला. पाच वार किती पुरणार? गुडघे उघडे! धानाच्या रोवण्याला निघाल्यासारखी सभेत शिरले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"पाचवारीच आहे बाई. पायजे तर मोजून घ्या."

फळ्यावरचा नियम मी अक्षर न् अक्षर वाचला होता. त्यात कासोट्याचं नाव कुठं होतं?

शांता मंचावरून बघत होती. आता रडते की काय? तर तोंडावर हात धरून हसत सुटली. बक्षीस घेऊन खाली आली नि म्हणाली, "माय, फाटकातून आली तवा मी तुले ओळखलंच नाई. आता माय दिसते."

तिचे बाबा आज हयात असते, तर हसत हसत वार मोजायला सगळ्यांच्या आधी उठले असते.