कमलाच्या चाकूची धार

तंजावूर, शुक्रवार संध्याकाळ

आज कमलाच्या घडीच्या चाकूनं नारळ सोलायला गेलो आणि धारेला खाच पडली. ती या चाकूनं फक्त गजऱ्याचा दोरा कापायची. मला हात लावू द्यायची नाही. लेकीचं बाळ सांभाळायला ती चेन्नईला गेली, त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून भाजी, दोऱ्या, खोकी, सगळं मी त्यानंच कापतो. धार बोथट झालीच होती, पण ही खाच!

फोन करून सांगितलं. लपवता आलं असतं, मग का सांगितलं? वाटलं, रागावेल. रागावून तरी घरी येईल.

"असू दे हो," ती म्हणाली. "मी आता तिथे कुठे गजरे करणार? तुम्हीच वापरा."

परत कधी येतेस, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारवलं नाही.