नऊ खुर्च्यांची साक्ष

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिला आहे खरा, पण परवा वजनांची पेटी उचलताना कंबर धरली. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचाच समजून घ्यावा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तुम्ही निवृत्त झाल्यापासून भाजीत मीठ कमी पडलं तरी समासात शेरा मारता, असं त्या मागे म्हणाल्या होत्या. ते प्रमाण उतरलं असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी.

तुम्ही याच वजनमापे खात्यात उभी हयात काढलीत, त्यामुळे दुकानदारांचे काटे तपासून त्यावर शिक्का मारणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या मागे खात्याने एक नवी रीत काढली आहे, ती मात्र सांगायला हवी. आपलं खातं कार्यालय बंद करत नाही. बंद केलं की ओरड होते, वर्तमानपत्रात येतं, संसदेत प्रश्न विचारतात. त्याऐवजी माणूस निवृत्त झाला की त्याला निरोपाचा चहा पाजायचा आणि त्याच्या कामाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या टेबलाकडे द्यायचा. असे चहा होत होत माझ्या कार्यालयातली मंजूर नऊ पदं एकेक करून माझ्याकडे आली. आज मी कार्यालयप्रमुख, निरीक्षक, लेखापाल, मुख्य कारकून, टंकलेखक, आवक-जावक कारकून, वाहनचालक, शिपाई आणि रखवालदार आहे. (गाडी चार वर्षांपूर्वीच मुख्यालयाने नेली. चालक राहिला.)

आता यात तुमचाही थोडा दोष आहे, रागावू नका. नोकरीला लागलो त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, ‘ज्या खुर्चीत बसशील त्या खुर्चीचं काम कर, दुसऱ्या खुर्चीत नाक खुपसू नकोस.’ मी ते इतकं मनावर घेतलं की आजही टपाल आलं की आधी आवक-जावकच्या खुर्चीत बसून नोंदवतो, मग उठून मुख्य कारकुनाच्या खुर्चीत जाऊन टिप्पणी लिहितो, लेखापालाच्या खुर्चीतून तिच्यावर हरकत घेतो आणि आतल्या खोलीत जाऊन ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो. चर्चा व्हायला मात्र वेळ लागतो, कारण एक जण जागेवर असला की दुसरा नसतो.

हसू नका. हे सगळं माझ्या रजेच्या मुळावर आलं आहे. तुमची सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, मुलगी पालथी पडली, आता म्हणे उशीचा टेकू देऊन बसते, आणि मी तिला अजून बघितलेलं नाही. रजेचा अर्ज तीनदा केला. मुख्य कारकुनाने अनुकूल टिप्पणी लिहिली. (तो बिचारा भला माणूस आहे.) पण कार्यालयप्रमुखाला विचारावं लागलं, ‘रजेच्या काळात पर्यायी व्यवस्था काय?’ व्यवस्था काहीच नव्हती. त्याने अर्ज नामंजूर केला, आणि टंकलेखकाने तसं पत्र मला टाइप करून दिलं. मामा, नियमात मी कुठे चुकलो ते दाखवा. तुम्हीसुद्धा हेच केलं असतंत.

बायकोला हे पटत नाही. तिचा फोन आला तो शिपायाने घेतला, म्हणजे मीच, पण शिपायाच्या स्टुलावर होतो. सवयीने बोलून गेलो, ‘कोण बोलतंय? थांबा, साहेबांना देतो.’ आतल्या खोलीत जाऊन फोन उचलेपर्यंत तिने ठेवून दिला होता. त्यानंतर महिनाभर फोन नाही. मी रात्री रखवालदार म्हणून कार्यालयातच झोपतो, फोनच्या शेजारी, पण तो काही वाजत नाही. खोटं कशाला सांगू, मन लागत नाही.

अशात संसदेत गडबड झाली. कुणीतरी विचारलं की वजनमापे खात्याची किती कार्यालयं बंद पडली. मंत्र्यांनी ठणकावून सांगितलं, ‘एकही नाही. एक दिवससुद्धा नाही. एकूण एक पद कार्यरत आहे.’ विरोधकांनी आरडाओरडा केला, तेव्हा पडताळणीसाठी संसदेची समिती नेमली, आणि समितीने नमुन्यादाखल नेमकं माझंच कार्यालय निवडलं. वाटलं, सुटलो. ही मोठी माणसं डोळ्यांनी बघतील की इथे नऊ खुर्च्या आणि एक माणूस आहे. मग एक तर माणसं देतील नाही तर सरळ कुलूप लावतील. दोन्हीकडून मला मुलगी बघायला मिळणार होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी आमचे विभागीय साहेब आले. यांना सगळे तूर्तास साहेब म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. त्यांनी पडदे आणले, एक कुंडी आणली, प्रत्येक टेबलावर पदाची पाटी ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तूर्तास एकच लक्षात ठेवा. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. ज्या पदाला बोलावतील त्या पदाने आत जायचं आणि त्या पदापुरतं खरं बोलायचं. दुसऱ्या पदाचं आपण कसं सांगणार?’ मी थक्क झालो. अगदी तुमचीच शिकवण, शब्द तेवढे वेगळे. त्यामुळे नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

समिती आतल्या खोलीत बसली. अध्यक्ष म्हणजे भारदस्त गृहस्थ, मान खाली घालून फक्त कागद वाचणारे. त्यांच्या डाव्या हाताला एक चष्मेवाल्या बाई होत्या, आणि बाकीचे सदस्य प्रवासाने शिणून पंख्याखाली डुलत होते. बाहेर पुकारायला शिपाई हवा, तो मीच. ‘लेखापाल हाजिर हो’ असं दारात ओरडायचं आणि वळून आत जायचं. (एकदा घाईत ओरडायचं राहिलं तर अध्यक्ष म्हणाले, ‘पुकारल्याशिवाय आत येऊ नये.’ परत बाहेर जाऊन स्वतःला पुकारलं.)

लेखापाल म्हणून मी सांगितलं की निरीक्षक प्रवासाची बिलं उशिरा देतो. ते खरंच आहे. निरीक्षक म्हणून सांगितलं की लेखापाल बिलात खुसपटं काढतो, आणि ही गोष्ट माझ्या मनाला इतकी लागलेली होती की जरा जास्तच बोललो. या माणसाबरोबर एका छताखाली काम करणं अशक्य आहे, म्हणालो. टंकलेखकाने सांगितलं की सगळे जण कामं कार्यालय सुटायच्या वेळेला आणून टाकतात. शिपायाचं म्हणणं, साहेब घंटी वाजवतात आणि मी पोहोचायच्या आत स्वतःच उठून पाणी घेतात, यात माझी काय अब्रू राहिली? चालकाला विचारलं, गेल्या चार वर्षांत अपघात किती? एकही नाही, म्हणालो. अध्यक्षांनी मान वर न करता ‘उत्तम’ असं लिहून घेतलं.

आवक-जावक कारकुनाची पाळी आली तेव्हा चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही आत्ताच येऊन गेलात ना?’

‘हो बाई. तेव्हा चालक होतो.’

पंख्याखालचे दोघे जागे झाले. तूर्तास साहेबांनी घाम पुसला. मला वाटलं, आता फुटतंय सगळं, आणि खरं सांगतो, इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पण अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि शांतपणे निवाडा दिला की समितीला पदांची तपासणी सोपवलेली आहे. माणसांची तपासणी समितीच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी वेगळी समिती नेमावी लागेल. पुढचा साक्षीदार बोलवा. मी बाहेर जाऊन पुढचा साक्षीदार बोलावला.

मधेच एक भाजीवाली काटा घेऊन थेट आत घुसली. शिक्का मारून घ्यायला ती सकाळपासून ताटकळत होती. अध्यक्षांना नागरिकांचं मत हवंच होतं. त्यांनी विचारलं, ‘इथल्या कर्मचाऱ्यांबद्दल काही तक्रार?’ ती म्हणाली, ‘माणूस गरीब आहे हो, पण भिरभिरा आहे. एका जागी बसतच नाही. एवढ्याशा शिक्क्याला चार खुर्च्या फिरतो.’ समितीने नोंद केली की कर्मचारी तत्पर असून सतत हालचालीत असतात.

निघताना चष्मेवाल्या बाई मागे राहिल्या. मी त्यांच्यासाठी दार धरून उभा होतो. (शिपाई.) त्यांनी हळूच विचारलं, ‘घरी कोण कोण?’ म्हटलं, ‘बायको आहे, एक मुलगी आहे.’ ‘कशी आहे मुलगी?’ मी म्हणालो, ‘चांगली आहे असं कळतं.’ त्या म्हणाल्या, ‘मी माझं भिन्नमत लिहीन.’ आणि त्यांनी ते लिहिलंही. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात छापलं आहे. त्याखाली ‘समितीने दखल घेतली’ असं वाक्य आहे, म्हणजे विषय संपला.

बाकी अहवाल संसदेत वाजतगाजत मांडला गेला. सर्व नऊ पदं कार्यरत, हजेरी अनुकरणीय, वाहन अपघातमुक्त. मंत्र्यांचं म्हणणं खरं ठरलं, बाकं वाजली. एकच गालबोट लागलं. कर्मचाऱ्यांत आपसांत तीव्र बेबनाव आहे आणि त्याचं मूळ लेखापाल आहे, असं समितीचं मत पडलं. म्हणून शिस्तीची कारवाई करून लेखापालाची तडकाफडकी दूरच्या कार्यालयात बदली झाली आहे. आठवड्याच्या आत तिथे रुजू व्हायचं. उरलेल्या आठांनी जागा सोडायची नाही, आणि एका दिवसासाठीही दाराला कुलूप दिसलं तर कार्यालयप्रमुख निलंबित.

असं सगळं आहे. माझ्या हातून खात्याची एवढी नाचक्की झाली, लेखापालाच्या नावाला बट्टा लागला, याचं मला फार वाईट वाटतं आहे. तुम्ही काळजी करू नका. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा
(कार्यालयप्रमुख, अतिरिक्त कार्यभार वर लिहिल्याप्रमाणे)

ता. क. वाईट वाटतं असं वर लिहिलं आहे ते टंकलेखकाने लिहिलं, त्याला आतली गोष्ट ठाऊक नाही. तुमच्यापासून काय लपवायचं? समिती आली त्या दिवशी सकाळी आवक-जावक कारकुनाने टपाल फोडलं, त्यात रिकाम्या जागांची माहिती होती. लेखापालाची एकच जागा रिकामी होती, तीही तुमच्या सूनबाईच्या माहेरगावी. समिती काही करणार नाही हे अध्यक्षांच्या निवाड्यानंतर कळून चुकलं. निरीक्षकाची साक्ष मी वर आधी लिहिली असली तरी झाली ती त्या निवाड्यानंतर. तो लेखापालाबद्दल इतकं तिखट का बोलला, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुसरा ता. क. तर मूळ काम असं, की लेखापालाला रुजू व्हायला सोडायचं तर बाकीच्या आठ जणांजवळ कुणीतरी थांबायला हवं. तुम्ही खात्यातले, तुम्हाला खुर्च्यांची सवय. दहा-बारा दिवस येऊन राहा. सकाळी दार उघडायचं, पडदा सारायचा, कुणी आलंच तर साहेब फिरतीवर आहेत म्हणायचं. मामींनाही आणा, टंकलेखकाची खुर्ची गादीची आहे. फक्त टपालावर शेरे मारत बसू नका, मी परत आल्यावर मलाच त्यांची उत्तरं द्यावी लागतील.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मी ज्या खुर्चीत होतो तिथूनच उचलला आणि साहेबांना बोलावलं नाही. बायको होती. म्हणाली, ‘मुलगी आता माणसं ओळखायला लागली आहे. तुमचा अतिरिक्त कार्यभार सध्या माझे बाबा बघतात आणि फार चांगला बघतात. ती त्यांच्याचकडे बघून हसते. जागा कायमची भरायच्या आत या.’ मामा, गुडघ्याचं नंतर बघू. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा.