दिवाळीतलं पित्त

आत्याबाई,

तुमाले 'प्रिय' म्हणायची आपल्यात कधी सवय नव्हती, म्हणून लिहीत नाही. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, अन् मले तुमचा असा राग येऊन राह्यला की विचारू नका. सासूचा राग सुनेनं कोनाले सांगावा? म्हणून तुमालेच लिहून राह्यली.

तुमी गेल्यावरचा हा पह्यला सण. आपली कढई चढली नाही, फराळ सोयऱ्यायनं आणला. त्याले माही ना नाही. पण जी बाई उंबरठ्यात येई, ती माह्या गळ्यात पडून रडायले लागे. मंग मी बी रडायचं, तिले पाणी द्यायचं, चहा ठेवायचा. चहा उकळत नाही तं दुसरी दारात. एकदा तं रडूच येईना, तं पदर तोंडावर घेऊन नुसतीच बसली. तुमी पाहत असान तं हसल्या असान.

अन् जो तो विचारे, "पोरगा कुठी आहे?"

तुमचा पोरगा आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. दरवर्षीसारखाच. दसरा झाला की त्यायचं बोलणं कमी होते, दिवाळीले पार बंद. लग्नानंतरच्या पह्यल्याच दिवाळीत मी भेऊन तुमाले विचारलं, तं तुमी काय म्हणाल्या? "पित्त आहे त्याले. पाहुण्यायले बी हेच सांगजो."

पित्त! किती वर्षं मी त्या माणसाले आमसुलाचं पाणी पाजलं, आत्याबाई. मोरावळा घातला. त्यायच्यापायी साऱ्या घरानं फिकं खाल्लं, अन् तेबी वऱ्हाडात राहून. तुमी दाराशी बाज टाकून बसायच्या, कोनाले आत जाऊ द्यायच्या नाही. "झोपू द्या, पित्त खवळलं त्याचं." मंग कोनी ओवा सांगे, कोनी बडीशोप. तुमाले माहीत होतं ते पित्त नाही. तं मले खरं काहून सांगतलं नाही? मी काय साऱ्या किन्हीराजा गावात दवंडी देणार होती?

राग याचाच आहे. जलमभर दार तुमी राखलं, अन् मांगून ते कसं राखावं हे सांगतलंच नाही.

पाडव्याले त्यायनं ताट तसंच सरकवलं अन् म्हणे, "माय सुटली. मी बी सुटलो असतो तं बरं झालं असतं." पाहुण्यायले घरात तसंच सोडलं, त्यायले गाडीत घातलं अन् वाशीमले मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईनं सारं ऐकून घेतलं. गोळ्या देल्ल्या, अन् एकटं सोडू नका म्हणून मले बजावलं.

भाऊबीजेले तुमची धाकटी बहीण आली, पोहरादेवीची मावशी. रडत रडत थेट आतल्या खोलीकडेच निघाली. मी दारात आडवी झाली.

"पित्त झालं का व त्याले?"

'हो' माह्या तोंडात आलंच होतं. पण मी म्हटलं, "पित्त नाही मावशी. त्यायचं मन बिमार आहे. सणासुदीत जास्त होते. वाशीमची दवा सुरू आहे."

मावशीचं रडणं थांबलं. मले वाटलं, झालं, आता साऱ्या सोयऱ्यायत बोभाटा. तं ती जवळ सरकली अन् हळूच म्हणे, "ते डॉक्टर बायायले बी पाहते का व? माह्या सुनेले बी दर दिवाळीत पित्तच होते."

आत्याबाई! तुमी दोघी बहिणी इतकी वर्षं बाजेवर बसून एकमेकीले पित्ताचे इलाज विचारत होत्या. सख्ख्या बहिणी, अन् दोघी बी लपवत होत्या. काय म्हणावं तुमाले? तुमी लेकाचीच लाज राखून राह्यल्या होत्या, हे मले समजते. पण लाजेनं माणूस बरा होत नाही.

सोमवारी मावशीच्या सुनेले वाशीमले न्यायचं आहे. मी एकटीच तिले नेणार होती, मावशी घरी त्यायच्यापाशी बसणार होती. तं तुमचा लेक आतून म्हणे, "मी येतो संग. पह्यल्यांदा जाताना भेव वाटते." दसऱ्यापासून एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीले दाराशी मी बसीन, तुमच्याच बाजेवर. त्यायले नको असन तं कोनाले आत सोडणार नाही, ते तुमचंच शिकली. पण जो विचारीन त्याले खरं सांगीन, हा शब्द देते. मोरावळ्याची बरणी आज घासून पालथी घातली.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच सून
सुनंदा