कोन आतला का भायेरचा

गुरुजी, तुम्ही जाऊन लई वर्सं झाली, पर तुमचा तो कोन अजून माझं डोकं खातोय. परवा नातीचं पुस्तक बगितलं. चित्रं रंगीत झाल्यात, व्याख्या मात्र तशीच लंगडी. सातवीतनं मी शाळा सोडली ती ह्या कोनापायी आन् तुमच्या एका थपडीपायी, म्हणून लिवतोय. उगं पाल्हाळ लावीत न्हाई.

शिरूरच्या शाळेत तुम्ही पाठ करून घेतलं, "दोन रेषा एका बिंदूत मिळाल्या की त्यांच्यामधल्या कलाला कोन म्हणतात." मी इचारलं, कल म्हंजी काय? तुम्ही म्हणलात, "रेषा किती कोनात कललीय ते." म्हंजी कोन म्हंजी कल आन् कल म्हंजी कोन! घाण्याचा बैल बरा, त्याच्या फिरण्यातनं तेल तरी निघतं. मग तुम्ही खिशातला अडकित्ता काढून उघडलात. "हा बघ कोन. दिसला?" दिसला, पर नेमका कुठला? दोन पात्यांमधली फट, का भायेरनं वळसा घालून येतंय ते सगळं? पाती तीच, टोक तेच. फट म्हणावं, तर पाती लांब केली की फट वाढती, आन् तुम्ही म्हणता कोन तेवढाच ऱ्हातो. पार सपाट उघडला, तर एकच सरळ रेघ. मग तुमच्या दोन रेषा गेल्या कुठं? पोरं हसाया लागली. तुम्ही अडकित्ता मिटलात. "एकशेऐंशी अंश. लिही गपचिप."

पुढच्या आठवड्यात डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले आन् नेमकं मलाच उभं केलं. "सांग, कोन म्हणजे काय?" मी म्हणलं, "साहेब, आतला का भायेरचा?" साहेबांनी तुमच्याकडं मान वळवली. "काय हो मास्तर, पोरगं विचारतंय, सांगा की त्याला." तुम्ही खिशातला अडकित्ता चाचपाया लागलात. साहेबांनी वहीत कायतरी खरडलं. ते गेल्यावर तुम्ही सगळ्या वर्गापुढं माझ्या कानाखाली वाजवलीत. त्याच्या आदी तुम्ही कुणावर हात टाकला नव्हता. मी दप्तर उचललं ते परत आलोच न्हाई. आई म्हणली, परीक्षेला तरी बस. न्हाई बसलो. महिन्याभरात तुमची बी आडरानातल्या एका शाळेवर बदली झाली.

पुढं मामानं मला दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून चिकटवलं. गोल खड्ड्यात रुळाचा एक तुकडा, त्याला आमी टेबल म्हणायचो. त्याच्यावर इंजिन उभं करायचं आन् चौघांनी दांडा ढकलून त्याचं तोंड फिरवायचं. एक दिवस तुम्ही गाडी बदलायला दौंडात उतरलात आन् मला हुडकत खड्ड्याच्या काठाशी येऊन उभं. मी तुमच्याकडं बघत ढकलतोय, बाकीचे माझ्या भरवशावर, आन् अर्ध्यावर थांबायचं सोडून आख्खा फेरा झाला. डायवर वरनं वरडला, "आरं शान्या, काय फिरवलं? तोंड हुतं तिकडंच हाय की!" मी म्हणलं, "तीनशेसाठ अंश झाले, साहेब." "तुझ्या अंशाला लागली आग! मनमाडकडं कर तोंड!"

तुम्ही हसलात. "बघ, मला आत्ता दिसलं. कोन म्हणजे फिरणं. आतला, बाहेरचा, सपाट, सगळे त्यात बसतात." मी घाम पुसत म्हणलं, "बसत्यात की. पर हे फेरा मारून आलेलं इंजिन आन् जागचं न हाललेलं, दोन्ही सारखीच दिसत्यात. कोन कुठं लिवलाय त्याच्यावर? आन् कागदावरची रेघ कवा फिरली? ती तर गप पडलीय." मग म्हणलात, "तेव्हा मला उत्तर येत नव्हतं रे. म्हणून हात उचलला. माझं चुकलं." मी म्हणलं, जाऊ द्या गुरुजी, झालं गेलं. आन् मोठ्या मनानं तुम्हाला च्या पाजला. त्याच साली तुम्ही गेलात.

आता खरं काय ते. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला एकट्याला थांबवलं हुतं. "तुझी शंका खरी आहे," म्हणलात. "मलाही ठाऊक नाही. पुण्याला कुणाला तरी विचारून सांगतो तुला. उद्या साहेबांपुढं तेवढं काढू नकोस." मी व्हय म्हणलो हुतो. साहेबांनी इचारलं तवा पाठ केलेली व्याख्या व्हटावर हुती, पर सगळा वर्ग माझ्याकडं बघत हुता, आन् त्यास्नी हसवायचं हुतं मला.

हा कागद कुठं जायचा न्हाई. दौंडात च्या पिताना तुम्ही समोर बसला हुता, तवाच सांगता आलं असतं. मी इचारलं, साखर कमी झाली का.